हाड जुळलं, भीती राहिली

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "छान जुळलंय, आता चाला." पण उंबरठ्याशी आली की आई थबकायची, तिला घाम फुटायचा. भजनाला जाणं सुटलं. शेजारणी आल्या की ती झोपेचं सोंग घ्यायची. "तुम्हाला ओझं झाले गं मी," हे तर रोजचंच. आम्ही उलट 'मन खंबीर कर' म्हणून तिलाच रागवायचो, याची आज फार खंत वाटते.

पुन्हा पडण्याची ही भीती म्हणजे हट्ट नव्हे. भीतीने माणूस चालत नाही, न चालल्याने स्नायू अशक्त होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. हे आम्हाला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलं. मग न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आणि रोज चार पावलं, तीही आईच्या गतीने.

रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला मिळालेल्या कागदावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती; मनाबद्दल एक ओळ नव्हती. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. निदान तो तरी त्या कागदावर छापावा. आणि पुढच्या तपासणीला "चालता का?" याबरोबर "झोप लागते का? भीती वाटते का?" एवढं विचारावं. माझ्या आईला हे कुणी विचारलं नाही, आम्हीसुद्धा.

– एक वाचक, सातारा