जेलचा फॉर्म भरलास ते कळलं

सोनू,

फोनवर तू नुसतं हो बाबा हो बाबा करतेस म्हणून टाईप करतोय, सावकाश वाच. आई म्हणाली तू पोलीस शिपाईसोबत जेल शिपाईचा पण फॉर्म भरलायस. चांगलं केलंस. पण तुझ्या मैत्रिणी म्हणतात ना जेलमध्ये बंदोबस्त नाही, मोर्चे नाहीत, आतल्या आत आरामाची नोकरी, ते डोक्यातून काढ.

मी नायगावला सशस्त्र पोलिसात असताना कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांना कोर्टात ने-आण करायची ड्युटी, भरपूर केलीय. जेलची गर्दी जेलमध्ये तयार होत नाही गं. देशात 4 कैद्यांमागे 3 कच्चे, म्हणजे केस अजून चालूच, आणि त्यांना तारखेला कोर्टात न्यायचं काम जेलवाल्यांचं नाही, आम्हा पोलिसांचं. आता गणपती आले, इलेक्शन लागलं, कोणी व्हीआयपी आला की पहिली माणसं बंदोबस्ताला उचलतात, मग पार्टी मिळत नाही, पार्टी नाही म्हणून कैदी कोर्टात नाही, कोर्ट पुढची तारीख देतं आणि तो परत बरॅकमध्ये. हल्ली व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, हजर करतात म्हणा, लाईन लागली तर. आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेली पोरं मी किती बघितली, ती वेगळीच.

आर्थर रोड 1926 चं, मंजूर जागा हजाराच्या आत, माणसं 3 हजारांच्या वर. मानखुर्दला नवीन जेल होणार हे कधीपासून ऐकतोय, पण ते झालं तरी आत उभं राहायला माणूस लागणारच ना? जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय, पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की जामिनावर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेसवाले सोडून. कायदा छान आहे. पण कोर्टात तो अर्ज जेल सुपरिटेंडंटनेच करायचाय, मग ते कागद काढून कोण बसणार, तुमच्यातलंच कोणीतरी.

आठ तासांची ड्युटी तेव्हाचे मुंबईचे कमिशनर पडसलगीकर साहेबांनी 2016 ला देवनार पोलीस स्टेशनपासून सुरू केली, आयडिया एका शिपायाची होती बरं का, साहेबलोकांची नाही. पण माणसं कमी पडली की पहिली तीच गुंडाळतात. 2023 ला तर मुंबईत सुरक्षा महामंडळाची 3 हजार माणसं कंत्राटावर घ्यायचं ठरलं. आणि 2024 च्या भरतीला साडेसतरा हजार जागांना 17 लाखांवर अर्ज! म्हणजे पोरं आहेत, भरतीच वेळेवर काढत नाहीत, माझं तरी हेच मत.

एक मात्र नीट ऐक. 2017 ला भायखळा जेलला एक महिला कैदी मेली आणि जेल स्टाफमधल्याच 6 बायकांना तिला मारहाण करून मारल्याच्या आरोपात अटक झाली. स्टाफ कमी, झोप नाही, डोकं फिरतं, सगळं मान्य, पण कोर्टात ते कोणी ऐकून घेत नाही. हात उचलायचा नाही, सिनियरने सांगितलं तरी नाही.

बाकी 800 मीटर तुझं बरं आहे, गोळाफेकीत मार्क जातात. रविवारी ग्राउंडवर येतो, बघू.

बाबा