दुखत होता खांदा, तुम्ही बघितलेत पाय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा उजवा हात डाव्या हाताने उचलून धरला होता. अठरा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवतेय, रोज दीड-दोनशे पोळ्या. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना, त्या कुशीवर झोप तर विसरलेच होते. आधी एका ठिकाणी इंजेक्शन घेतलं होतं. दोन महिने बरे गेले, पुन्हा तेच. “वय झालं आता, काम सोडा,” असं तिथे सांगितलं. मी काम सोडलं तर माझ्याकडे राबणाऱ्या तिघींनी जायचं कुठे, हे ऐकून घ्यायला तिथे कुणाला सवड नव्हती.

तुम्ही खांदा नीट तपासलात, हात कुठवर जातो ते मोजलंत आणि मग म्हणालात, “काकू, कणीक कशी मळता ते दाखवा.” टेबलावर उशी ठेवलीत, तीच परात. मी मळायला लागले आणि तुम्ही चक्क खाली बसून माझ्या पायांकडे बघत राहिलात. मनात आलं, दुखतंय कुठे आणि ही मुलगी बघतेय कुठे!

तुम्हाला दिसलं ते मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा ताठ, पोट ओट्याला टेकलेलं आणि मळायचा सगळा जोर एकट्या खांद्यातून. मग एका पायावर उभं राहायला लावलंत. डाव्यावर जमलं. उजव्यावर चार आकडे मोजून व्हायच्या आत कंबर कलली आणि मी तुमचाच दंड धरला.

त्यानंतरची वीस मिनिटं मी विसरणार नाही. माझा मुलगा टेनिस खेळतो हे कळल्यावर तुम्ही सर्व्हिसचंच उदाहरण घेतलंत. अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर बेन किबलर यांनी मांडलेला हिशोब सांगितलात: सर्व्हिसच्या ऊर्जेतला जवळजवळ ५१ टक्के वाटा पाय, कंबर आणि धडातून येतो. तिथून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर तेवढाच जोर हातात यायला खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. रॅकेटच्या जागी लाटणं ठेवून बघितलं आणि रोज दोनशे वेळा माझा खांदा कुणाचं काम ओढत होता ते लख्ख कळलं.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांच्या १९९६ च्या अभ्यासाची. उभ्या माणसाला झटकन हात उचलायला सांगितलं, तर पोटाचा सगळ्यात आतला स्नायू खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळतो. हात हलायच्या आत शरीर स्वतःला सावरून घेतं. जुनी कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र तो स्नायू उशिरा जागा होतो. ताई, माझी कंबर दुसऱ्या बाळंतपणापासून दुखते. बायकांचं चालायचंच म्हणून मी ते तुम्हाला सांगितलंही नव्हतं. आणि तो पाठीचा स्नायू! कमरेपासून निघून थेट दंडाच्या हाडाला जाऊन चिकटणारा. तुम्ही माझ्याच पाठीवर बोटाने रेघ ओढून दाखवलात.

पहिले तीन आठवडे खांद्याला हलकेच व्यायाम. बाकी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाचे तीन फेरे. पाठीवर झोपून कंबर उचलणं. ओणवं होऊन उजवा हात-डावा पाय, मग डावा हात-उजवा पाय लांब करणं. रबरी पट्ट्याचे खांद्याचे व्यायाम नंतर आले आणि तेही तितकेच नेटाने करून घेतलेत. पायांनीच सगळं बरं केलं असं मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही कधी म्हणाला नाहीत.

ओट्याचं मात्र तुमचंच डोकं. मी पाच फुटांच्या आतली, ओटा माझ्या मानाने उंच. पायाखाली लाकडी पाट घ्यायला लावलात. एक पाय पुढे, एक मागे. मागच्या टाचेने जमीन दाबायची आणि तो जोर कमरेतून परातीत उतरवायचा. तसं मळताना एकदम आजी आठवली. जात्याशी एक पाय लांब सोडून बसायची आणि दळताना तिचं सगळं अंग मागेपुढे झुलायचं. एकट्या हाताने जातं ओढताना मी तिला कधी पाहिलं नाही.

साडेचार महिने लागले. थंडीत खांदा अजून कुरकुरतो, पण वेणी माझी मी घालते. उजव्या पायावर पंचवीस आकड्यांपर्यंत उभी राहते, रोज सकाळी, तव्यावर पहिली पोळी पडायच्या आधी. तिघींच्या पायाखाली उंचीप्रमाणे पाट आलेत. त्यातल्या धाकटीचं मनगट दुखायचं, तिलाही आधी उठबसच करायला लावली आणि मग तुमच्याकडे पाठवली.

ताई, तुम्ही मला काम सोडायला सांगितलं नाहीत. माझं काम बघितलंत, त्यासाठी जमिनीवर बसलात. हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे पत्र उघड लिहिलं.

यंदा संक्रांतीच्या चारशे गुळपोळ्या झाल्या. तुमच्या वीस बाजूला काढून ठेवल्यात, वरच्या फळीवरच्या डब्यात. गुरुवारी केंद्र बंद असतं, त्या दिवशी या. डबा मीच काढून देईन.

तुमची,
पोळीवाल्या काकू