पावसात लॅपटॉप कपाटात ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की किनारपट्टीवरच्या अनेक घरांत लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला जातो. जपण्यासाठी केलेली हीच गोष्ट त्याच्या मुळावर येते.

खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण लॅपटॉपच्या पंख्यातून आत शिरून मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, बसतात. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. आषाढात बरणीतले मीठ ओले होते, ते यामुळेच. बोर्डवरच्या दोन बारीक जोडांमध्ये असे खारे पाणी साचले की शॉर्ट सर्किट होते. पिशवीत बंद पडून राहिलेल्या लॅपटॉपमधली ही ओल सुकतच नाही. यूएसबीच्या खाचेत टॉर्च मारून पाहा: पिनांवर हिरवट थर दिसला, तर आतही गंज लागला आहे असे समजा.

उपाय सोपा आहे. पावसाळ्यात लॅपटॉप रोज पाऊण तास तरी चालवावा; त्याच्या उबेने बोर्ड सुकतो. बंद ठेवणे भागच असेल, तर बॅटरी निम्मी भरून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या ५० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवावा. भिजलेला लॅपटॉप तांदळात पुरू नये. तांदूळ ओल फारशी शोषत नाही, पीठ मात्र आत जाते. एसीतून बाहेर आणलेला थंड लॅपटॉप अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा, नाहीतर त्यावर दव धरते.

आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ दमट हवेत पंख्यापुढच्या जाळीत नमद्यासारखी घट्ट बसते. ती मे महिन्यातच काढावी. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, मग पंख्याचे पाते बोटाने धरून हवा मारावी. पंखा मोकळा गरगरला तर बेअरिंग जाते. हिरवट थरासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा, पेट्रोल कदापि नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी वापर थांबवावा.

विजा चमकू लागल्या की चार्जर आणि नेटची केबल, दोन्ही काढावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायतींतले लॅपटॉप गणपतीच्या सुट्टीतही कुलूपबंद असतात. रोज जमले नाही तरी निदान आठवड्यातून दोनदा ते कोणी चालू करायचे, हे मुख्याध्यापकांनी आणि ग्रामसेवकांनी पावसाआधीच ठरवून द्यावे, ही विनंती.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, मालवण