निर्दोष माणसाला भीती कशाची?

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर दहशतवादविरोधी कायद्यांचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "निर्दोष माणसाने अशा कायद्यांना का घाबरावं?" तेव्हा घाईत होतो, पण तुझा प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर तीनच महिन्यांत, डिसेंबर २००१ मध्ये, ब्रिटनने कायदा केला. गृहमंत्र्यांना एखाद्या परदेशी माणसाचा दहशतवादी म्हणून संशय आला आणि त्याला देशाबाहेर काढणं शक्य नसलं, तर खटल्याशिवाय, कितीही काळ डांबून ठेवायची मुभा मिळाली. मायदेशी छळ होणार असेल तर कुणाला परत धाडायचं नाही, मग सुरक्षेचं कारण का असेना, हे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्येच बजावलं होतं (तेही एका भारतीय शिखाच्या खटल्यात). म्हणून ही माणसं लंडनच्या बेलमार्शसारख्या तुरुंगांत गेली.

आता त्या कोठडीत तुझा तो निर्दोष माणूस बसव. त्याच्याविरुद्धचा महत्त्वाचा पुरावा गुप्त. तो त्यालाही दाखवायचा नाही, त्याच्या वकिलालाही नाही. सरकारने नेमलेला खास वकील तो पाहणार, पण पाहिल्यावर त्याने परवानगीशिवाय या माणसाशी बोलायचं नाही. "त्या दिवशी मी तिथे नव्हतोच" एवढं सांगायलासुद्धा कोणता दिवस ते कळायला हवं ना? मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

१६ डिसेंबर २००४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या) न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक मतांनी हा कायदा मानवाधिकारांशी विसंगत ठरवला. धोका ब्रिटिश नागरिकांकडूनही आहे आणि त्यांना न कोंडता भागतं, मग फक्त परदेशी का, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच जुलैत लंडनमध्ये ५२ माणसं मारणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले निघाले.

निकालाने तुरुंगाची दारं मात्र लगेच उघडली नाहीत. कायदा रद्द करायचा अधिकार त्या न्यायाधीशांना नव्हताच. मार्च २००५ मध्ये सरकारने नवा कायदा आणला: पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा, काहींना दिवसाचे १८ तास घरातच राहायची सक्ती, भेटीगाठींवर बंधनं. आणि आता त्यात नागरिकही आले.

तरी मी निराश नाही. त्याच वर्षी सरकारला आरोप न ठेवता ९० दिवस अटकेची मुभा हवी होती. संसदेने ती नाकारून २८ दिवस दिले, आणि २०११ मध्ये तेही १४ वर आले. हल्ल्याच्या जखमा ताज्या असताना खासदार सरकारला नाही म्हणाले, याचं मला फार मोल वाटतं.

तुला हे पटतं का, ते सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

तुझा,
अजित