वायरलेस सेटला वीज थेट बॅटरीतून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावरच्या यात्रेच्या तयारीच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. बंदोबस्त किती, गाड्या किती, वैद्यकीय पथक कुठं. धडगाव-मोलगीकडं आजही कितीतरी वळणांवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून भाड्याच्या जीपमध्ये आणि स्वयंसेवकांच्या गाड्यांमध्ये वायरलेस सेट बसवतात. त्या सेटला गाडीतून वीज कुठून घेतली, कोणत्या वायरनं घेतली, हे मात्र कुणी विचारत नाही. मी शहाद्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. सेट बंद पडला की गाडी शेवटी आमच्याच दारात येते, म्हणून हे लिहितो आहे.

ड्रायव्हरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "दादा, ऐकाले येस, पन बोलाले गयं का बंद पडी जास." मग सेट खराब, कंपनी खराब, बॅटरी खराब असं सगळं म्हणून होतं. सेट बहुधा ठणठणीत असतो. गाडीत बसवायचा 50 वॉटचा सेट नुसता ऐकताना अर्धा अँपिअर, फार तर थोडा जास्त घेतो. बोलण्याचं बटण दाबलं की तोच सेट 10 ते 12 अँपिअर ओढतो. ऐकण्यापुरती कुठलीही वायर चालते. खरी परीक्षा बटण दाबल्यावर होते, आणि नेमकं तेव्हाच सेट बसवणारा माणूस पैसे घेऊन निघून गेलेला असतो.

हिशेब सोपा आहे. सेट 13.8 व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि बहुतेकांच्या पुस्तिकेत 15 टक्के खाली-वर चालेल असं दिलेलं असतं. म्हणजे 11.7 व्होल्टच्या खाली त्याच्याकडून कामाची अपेक्षा धरू नये. इंजिन चालू असताना गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर 14 च्या आसपास देतो. इंजिन बंद केलं की चांगली भरलेली बॅटरीसुद्धा 12.6 वर येते. आता बॅटरी बोनेटखाली आणि सेट सीटजवळ. वायर फिरवत नेली तर जायला 4 मीटर, यायला 4 मीटर. 1 चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर 10 अँपिअरला त्या 8 मीटरमध्येच जवळपास 1.4 व्होल्ट खर्च होतात. 12.6 मधून 1.4 गेले, राहिले 11.2. सेट बंद पडणारच. तीच वायर 4 चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती 0.35 व्होल्टच्या आसपास राहते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको : ठिबकच्या 16 एमएम नळीतून तीन इंची पाइपाचं पाणी मागितलं तर शेवटच्या केळीपर्यंत काय पोचेल?

वायर घेताना टोक कापून बघा. वरून लाल दिसणारी आणि आतून पांढरी निघणारी वायर म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बाजारात ती भरपूर आहे, स्वस्त आहे आणि लेबलावर कधी कधी काहीच लिहिलेलं नसतं. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार याच्या उलट : वरून पांढरी आणि कापल्यावर लाल. ती खुशाल घ्या.

सिगारेट लायटरच्या सॉकेटबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. हातात धरायचा 5 वॉटचा वॉकीटॉकी त्यावर चार्ज करा, काही बिघडत नाही. मोठा सेट मात्र त्यावर लावू नका. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण 10 ते 15 अँपिअरचा, मागची वायर बारीक, आणि आतला स्प्रिंगचा स्पर्श घाटातल्या खड्ड्यांत क्षणोक्षणी सुटणारा. स्पर्श सुटला की तिथं उष्णता होते. याहून वाईट म्हणजे टेपची मागची वायर सोलून तिला जोड देणं. चांदसैली घाट चढताना डॅशबोर्डखालून धूर निघालेली एक जीप माझ्याकडं आली होती. टेपची वायर जोडापाशी हातभर वितळली होती. फ्यूज का गेला नाही म्हणून बघितलं, तर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला. कोणी गुंडाळला, हे ड्रायव्हर सांगेना आणि मालकही सांगेना.

फ्यूज सेटसाठी असतो असा समज फार पसरलेला आहे. तो वायरसाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर, सेटच्या पाठीमागं नव्हे. बोनेटमधून केबिनमध्ये वायर जाते तिथं पत्र्याला धार असते. सातपुड्याच्या रस्त्यावर दोन-चार महिने ती वायर त्या धारेवर घासली की वरचं आवरण कापलं जातं आणि तांबं पत्र्याला टेकतं. फ्यूज सेटजवळ असेल तर अशा वेळी बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये अडवणारं कुणीच नाही. वर सांगितलेल्या 50 वॉटच्या सेटसाठी 15 अँपिअरचा फ्यूज, पत्र्याच्या भोकात ग्रोमेट म्हणजे रबरी कडं, आणि टोकाला पीळ मारून चिकटपट्टी न लावता दाबून बसवलेला लग, म्हणजे बोल्टखाली आवळायचं धातूचं टोक. यात मोठा खर्च कुठलाच नाही.

सेटच्या काळ्या, म्हणजे मायनसच्या, वायरचा प्रश्न थोडा नाजूक आहे आणि जुन्या मिस्त्रींशी माझा यावर वाद होतो. ते म्हणतात, लाल-काळी दोन्ही सरळ बॅटरीच्या टर्मिनलला. जुन्या गाडीत ते चालतं, पण मग काळ्या वायरलाही फ्यूज हवा. कारण इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणारी अर्थची पट्टी सैल झाली किंवा गंजून तुटली, तर सेल्फ मारल्यावर शेकडो अँपिअर परतीचा रस्ता शोधत सेटच्या काळ्या वायरमधून बॅटरीकडं धावतात. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो, विशेषतः सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत. तिथं सरळ टर्मिनलला काळी वायर लावली की सेटचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीच्या कॉम्प्युटरचा बॅटरीबद्दलचा अंदाज चुकत जातो. म्हणून बॅटरीची मायनस केबल बॉडीला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं रंग खरवडून सेटची काळी वायर आवळावी. नव्या गाडीत मी तरी दुसरीकडं जोडत नाही.

ट्रक आणि मोठ्या बस 24 व्होल्टच्या, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक. पूर आला की मदतसामानाच्या ट्रकमध्ये सेट लागतो आणि कुणीतरी हुशारी करून मधूनच, एका बॅटरीवरून, 12 व्होल्ट काढतो. सेट सुरू होतो, शाबासकीही मिळते. पुढं ती एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि दोन्ही लवकर जातात. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, सेटच्या करंटला पुरेल असा तो बसवावा.

आता रात्रीचं. घाटात गाडी उभी, इंजिन बंद, सेट चालू. नुसतं ऐकण्यात रात्रभरात 5-6 अँपिअर-अवर जातात, मध्ये मध्ये बोलणं धरलं तर आणखी. नव्या बॅटरीला हे जड नाही. पण लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते, आणि आपल्या खान्देशात मे महिना 45 अंशांच्या आसपास घालवलेली दोन-तीन वर्षांची बॅटरी दिवाळीत नव्यासारखी वागत नाही. तेव्हा अधूनमधून इंजिन चालवा. सेल्फ मारताना सेट बंद ठेवा, कारण त्या क्षणी व्होल्टेज 10 च्या खाली जाऊ शकतं. (सेटचा परवाना हा वेगळा विषय. हौशी रेडिओवाला (हॅम) म्हणून 144 ते 146 मेगाहर्ट्झवर बोलायचं तर परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. गाडी भाड्याची आहे म्हणून तो माफ होत नाही.)

माझी विनंती यात्रेचं आणि पूरकाळाचं नियोजन करणाऱ्या सर्वांना आहे. सेटच्या दरपत्रकात वायर, फ्यूज आणि जोडणी यांची वेगळी ओळ असू द्या. आज ती "बसवून देणे" या दोन शब्दांत बुडून जाते आणि सगळ्यात स्वस्त बोली बोलणारा नेमका तिथंच पैसे वाचवतो. गाडी ताब्यात घेताना एक मल्टीमीटर मागवा. तो सेटच्या प्लगवर लावून बोलण्याचं बटण दाबून धरा आणि इंजिन चालू नि बंद अशा दोन्ही वेळा आकडा लिहून घ्या. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवरही मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर गाडी परत पाठवा. याला दहा मिनिटं पुरतात आणि इंजिनिअर लागत नाही, गाडीचा ड्रायव्हरही हे करू शकतो.

आणि गाड्या धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आणू नका. तेव्हा आमची पोरं गावाला गेलेली असतात, दुकानांत चांगली वायर संपलेली असते, आणि मग जे हाताला लागेल ते वापरलं जातं. आठ दिवस आधी द्या, शहाद्याला द्या, तळोद्याला द्या, जिथं सोयीचं असेल तिथं द्या.

आपला वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
शहादा, जि. नंदुरबार