नकली इंजिन हलकं हवं, पण मापाला पक्कं

संपादक महोदय,

गाडीत वेगळं इंजिन बसवणारे अनेक जण मापं जुळवायला खरं इंजिनच पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतात. ओतीव लोखंडाचा व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) दोनशे किलोच्या वर जातो. तो चेनब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) लटकवून मापं घेणं म्हणजे बोटांशी खेळ. त्याऐवजी मापं घेण्यापुरतं केलेलं लाकूड-थर्माकोलचं नकली इंजिन एका माणसाला उचलता येतं.

नकली इंजिनाच्या मागच्या तोंडाला १८ मिमी प्लायवूड घ्यावं. रिकामं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण) त्यावर ठेवून बोल्टची आणि डॉवेलची (नेमकी जागा धरणाऱ्या खुंटीची) भोकं उतरवावीत. डॉवेल सैल राहिली तर गिअरबॉक्स तिरका बसतो आणि पुढचं सगळं चुकतं. क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) अक्षावर सरळ पाइप घालावा व प्रत्येक माप त्याच्यापासूनच घ्यावं, ब्लॉकच्या खडबडीत बाजूंपासून कधीच नाही.

थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन लावू नये, त्यानं थर्माकोल विरघळतं; इपॉक्सी चालतं. माउंटच्या (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या आधाराच्या) जागी ५ मिमी पोलादी पट्टी प्लायला आरपार बोल्टनं आवळावी. माउंटला वेल्डिंगचे टाके मारण्याआधी थर्माकोलचे भाग काढून ठेवावेत. थर्माकोल पेट घेतं, धूरही विषारी. पूर्ण वेल्डिंग नकली इंजिन काढूनच करावं.

स्टार्टर, ऑइल फिल्टर, सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र खरेच लावावेत. स्टिअरिंगच्या दांड्याला अडतात ते हेच. रबरी माउंटवर इंजिन डोलतं, म्हणून भोवती किमान २० मिमी मोकळं सोडावं. हलक्या नमुन्यानं स्प्रिंगा दबत नाहीत. म्हणून चासी (गाडीचा सांगाडा) चालत्या उंचीवर, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या वजनानं गाडी जितकी खाली बसते तिथे, टेकवूनच मापं घ्यावीत.

– एक वाचक