दिनविशेषातले ‘एकाच दिवशी जन्मलेले’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ डिसेंबर आला की दिनविशेषाच्या चौकटीत योहानेस केप्लर, मिर्झा गालिब, लुई पाश्चर आणि इंदूरला जन्मलेला सलमान खान हे चौघे एका ओळीत बसवले जातात. त्यांपैकी पाश्चर (१८२२) आणि सलमान (१९६५) यांच्या तारखा सरळ आहेत. गालिबची तारीख ८ रजब १२१२ या हिजरी नोंदीवरून काढलेली आहे. हिजरी दिवस सूर्यास्ताला लागतो आणि महिना चंद्रदर्शनाने, त्यामुळे अशा रूपांतरात एखादा दिवस पुढेमागे होऊ शकतो. केप्लरचा २७ डिसेंबर १५७१ मात्र जुन्या ज्युलियन गणनेतला. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो ६ जानेवारी १५७२ येतो. म्हणजे ही जोडी फक्त कागदावरची.

ग्रेगोरियन गणना १५८२च्या ऑक्टोबरात इटली, स्पेन, पोर्तुगालने घेतली, ब्रिटनने थेट १७५२च्या सप्टेंबरात आणि रशियाने १९१८च्या फेब्रुवारीत. तेव्हा आधी साल पाहायचे, मग देश. ज्युलियन तारखेत सोळाव्या आणि सतराव्या शतकासाठी १० दिवस मिळवायचे, अठराव्यासाठी ११, एकोणिसाव्यासाठी १२ आणि विसाव्यासाठी १३. (हा फरक शतकाच्या पहिल्या वर्षी फेब्रुवारी संपताना बदलतो. १६०० हे दोन्ही गणनांत लीप वर्ष होते, म्हणून सतराव्या शतकात तो वाढला नाही.) हमखास चूक होते ती सरसकट १३ मिळवण्याची. लेनिनची जुनी तारीख १० एप्रिल १८७०. त्यात १२ मिळवून २२ एप्रिल येते, १३ मिळवले की २३. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ याच हिशेबाने ४ जानेवारी १६४३ होतो. त्यामुळे २५ डिसेंबरला पं. मदनमोहन मालवीय (१८६१) आणि ग्वाल्हेरचे अटलजी (१९२४) ही जोडी खरी, न्यूटन त्यात पाहुणा.

शिवछत्रपतींच्या जन्मतारखेचा मुद्दा जरा सविस्तर मांडतो, कारण तिथे पडताळा हाताशी आहे. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या सालवार नोंदींत) शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. तिच्यावरून येणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियन गणनेने १ मार्च. खात्री करायला मोबाइलमधली दिनदर्शिका पुरते. ग्रेगोरियन चक्र दर ४०० वर्षांनी वारांसकट जसेच्या तसे फिरते (१,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे). २०३० सालचा १ मार्च उघडून पाहा, शुक्रवार दिसेल. १९ फेब्रुवारी २०३० मंगळवारी येतो. जयंती १९ फेब्रुवारीला होते ती तशीच व्हावी, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण त्याच चौकटीत कोपर्निकस (१९ फेब्रुवारी १४७३) येतो, त्याचीही तारीख ज्युलियन. गंमत अशी की जुन्या गणनेत दोघांची तारीख एक, आणि नव्या गणनेत एक २८ फेब्रुवारीला जातो (पंधराव्या शतकाचा फरक ९ दिवसांचा), दुसरा १ मार्चला.

माळव्यात आणखी एक खड्डा आहे. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो (अमान्त), इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला (पूर्णिमान्त). शुद्ध पक्षात दोन्हींचे नाव एकच असते, वद्य पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढचे नाव घेते. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. अहिल्याबाईंची पुण्यतिथी इंदुरात भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला होते, ती आपली श्रावण वद्य चतुर्दशीच. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया हिंदी पंचांगात शोधायची तर ती चैत्र कृष्ण तृतीयेला सापडते. फाल्गुन कृष्णाखाली शोधणारा महिनाभर मागे पडतो.

कधीकधी तारीख मुळातच अंदाजाची असते. ३१ ऑक्टोबरला सरदार पटेल (१८७५) आणि होळकर संघाचे कर्नल सी. के. नायडू (१८९५) शेजारी छापले जातात. सरदारांची तारीख मॅट्रिकच्या अर्जात त्यांनी स्वतः घातलेली आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेल्या १ जूनवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

खऱ्या जोड्याही पुष्कळ आहेत. २३ जुलैचे लोकमान्य टिळक (१८५६) आणि आपल्याच भागातल्या, आता अलीराजपूर जिल्ह्यात असलेल्या भाबऱ्याचे चंद्रशेखर आझाद (१९०६), बरोबर पन्नास वर्षांच्या अंतराने. लिंकन आणि डार्विन तर सालासकट एक: १२ फेब्रुवारी १८०९. पण अशा जोड्यांवरून ‘या तारखेची माणसे अशीच असतात’ हे जे खाली जोडले जाते, त्याला काही अर्थ नाही. २३ माणसांत २५३ जोड्या होतात (२३ गुणिले २२ भागिले २), आणि त्यांत निदान एक जोडी एका तारखेची असण्याची शक्यता ५०.७ टक्के. माणसे ५७ झाली की ती ९९ टक्क्यांवर जाते. हे पटत नाही, कारण आपण मनात स्वतःची तारीख धरतो. उरलेल्या २२ जणांत आपल्या तारखेचा कोणी सापडण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के आहे. यादीत शेकडो नामवंत घेतल्यावर जोड्या निघाल्या नाहीत तरच नवल.

विनंती एवढीच, की ज्युलियन तारखेपुढे ‘जु.’ अशी खूण छापावी, रूपांतर केले असेल तर मूळ नोंद कंसात द्यावी आणि वद्य तिथीला ‘अमान्त’ की ‘पूर्णिमान्त’ ते लिहावे. तसेच २९ फेब्रुवारीची माणसे २८च्या चौकटीत घालू नयेत. मोरारजी देसाई (१८९६) आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४) त्या तारखेचे. १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे मोरारजींचा पहिला वाढदिवस त्यांना आठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा आला, आणि नेमक्या त्याच दिवशी रुक्मिणीदेवी जन्मल्या. ही जोडी २०२८ साली छापता येईल.

आपला,
एक वाचक, इंदूर